छातीतलं इम्प्लांट बदलायचंय, कोणी केलंय का?

केळीची_बाग

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची पहिलीच वेळ. विषय घरात मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून इथे.

मी रावेर तालुक्यातली, वय ५१, शाळेत शिकवते. २०१२ साली डाव्या बाजूला कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं, स्तन काढला आणि त्याच वेळी आत फुगवायची पिशवी ठेवली. दर पंधरा दिवसांनी अमरावती एक्सप्रेसने जायचं, तिच्यात थोडं थोडं सलाइन भरून घ्यायचं आणि परत यायचं. काही महिन्यांनी ती काढून सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. रेडिएशन लागलं नाही. कीमो झाली, केस आले, शाळा सुरू झाली, आणि खरं सांगते, ते आत आहे हेच मी विसरून गेले.

आमच्याकडे धड ब्लाउज शिवणारी एकच बाई आहे. गेल्या दिवाळीला ती म्हणाली, "मॅडम, डावा टक अर्धा इंच वर घ्यावा लागू राहिला." संक्रांतीला पुन्हा अर्धा इंच. मी म्हटलं वजन वाढलं असेल. ती टेप गळ्यात टाकून म्हणाली, "वजन दोन्हीकडे वाढतं ना मॅडम." मग घरी आरशासमोर नीट पाहिलं. डावी बाजू वर ओढली गेलीय आणि हाताला कच्च्या कवठासारखी लागते. रात्री त्या कुशीवर झोपलं तर दुखतं.

जळगावला सोनोग्राफी केली. रिपोर्टात इम्प्लांट आतल्या आत फाटल्याची शंका लिहिली आहे. सर्जन म्हणतात आधी एमआरआय, मग बदलून टाकू. मला मे महिन्याच्या सुट्टीत उरकायचंय. प्रश्न असे: दुखतं किती, दवाखान्यात किती दिवस, नळी घेऊन घरी यावं लागतं का, शाळेत कधी जाता येईल. आणि सासूबाईंना काय सांगू? वय ७८. कॅन्सरचं त्यांना माहीत आहे, पण आत काही "बसवलेलं" आहे हे १३ वर्षांत कोणी त्यांना सांगितलेलं नाही.

तापीकाठची

बहीण, भिऊ नको. बठ्ठं बरं हुई जाई. मला यातलं काही कळत नाही पण तुझी शिंपीण मात्र सोन्याची आहे.

चाळीसगावकरीण

ताई, मी दोन वर्षांपूर्वी नाशिकला बदलून घेतलं. माझंही कॅन्सरनंतरचंच. घाबरू नका, पहिल्या वेळेपेक्षा दुसरी वेळ पुष्कळ सोपी. पहिल्यांदा जे दुखतं ते स्नायू ताणला जातो म्हणून. आता जागा तयार असते, बहुतेक वेळा जुन्याच व्रणातून आत जातात.

पण "बदलणं" यात दोन प्रकार आहेत, ते सर्जनला आधीच विचारून घ्या. शरीर इम्प्लांटभोवती स्वतःचं एक आवरण तयार करतं. ते मऊ असेल तर जुनं काढून त्याच कप्प्यात नवीन ठेवतात, त्यात एक दिवस पुरतो. तुमच्यासारखं आवरण आवळून कडक झालं असेल तर ते आवरणच सोलून काढावं लागतं, थोडं किंवा सगळं. ते मोठं काम. मग ड्रेनची नळी येते.

नळीचं सांगते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. काखेखालून एक बारीक नळी बाहेर येते आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचा गोळा असतो, छोट्या डाळिंबाएवढा. तो दाबून हवा काढून बंद केला की तो आतलं पाणी ओढत राहतो. दिवसातून दोनदा रिकामा करायचा, किती मिली निघालं ते वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी लालभडक, मग गुलाबी, मग पिवळसर. माझ्या सर्जनचा नियम होता, २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं की काढायची. मला आठ दिवस लागले. गोळा लोंबकळू द्यायचा नाही, मी परकराच्या नाडीला पिनेने अडकवायची. आणि पुढून बटणं असलेले दोन गाऊन आधीच शिवून ठेवा. डोक्यावरून घालायचं काहीही पहिले दोन आठवडे जमत नाही.

झोप पाठीवरच, तीही अर्धवट बसून. मी लोड आणि दोन उशा लावून झोपायची. आडवं झालं की उठताना छातीवर जोर येतो आणि तेव्हा कळतं की उठताना आपण दंडांचा किती वापर करतो.

सावल्या_वाचतो

मी धुळ्यात रेडिऑलॉजिस्ट आहे. ताईंचा रिपोर्ट मी पाहिलेला नाही, तेव्हा हे सर्वसाधारण.

सिलिकॉनचं इम्प्लांट फाटलं तर फुग्यासारखं बसत नाही. जेल घट्ट असतं, भोवतीचं आवरण त्याला धरून ठेवतं, आणि बाईला काहीच जाणवत नाही. म्हणून त्याला मुकी फूट म्हणतात. ती नुसती हाताने तपासून अनेकदा सापडत नाही. सोनोग्राफीत शंका येते, खात्री एमआरआयमध्ये. फक्त फूट बघायची असेल तर शिरेतून औषध द्यायची गरज नसते. पालथं झोपवतात, साधारण अर्धा-पाऊण तास. फाटलेल्या कवचाच्या घड्या जेलमध्ये तरंगताना दिसतात. पुस्तकात त्याला एका इटालियन शेवईचं नाव दिलंय, पण आमच्याकडे शिकाऊ पोरांना मी "खिरीतल्या शेवया" म्हणूनच दाखवतो, एकदा सांगितलं की विसरत नाहीत. जेल आवरणाच्या आतच असेल तर ती आतली फूट. आवरण ओलांडून बाहेर पडलं की काखेतल्या गाठींपर्यंत जाऊ शकतं आणि ऑपरेशन किचकट होतं.

"दहा वर्षं झाली, बदला" असा नियम नाही. इम्प्लांट जन्मभर टिकत नाही हे खरं, पण त्याच्यावर औषधाच्या बाटलीसारखी मुदतही छापलेली नसते. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये सांगितलेलं वेळापत्रक असं: सिलिकॉन असेल तर बसवल्यानंतर ५-६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय, मग दर २-३ वर्षांनी, त्रास नसला तरी. आपल्याकडे बाया कॅन्सरची तपासणी नेमाने करतात आणि इम्प्लांटची कोणी करत नाही. त्यात आम्हा डॉक्टरांचा दोष जास्त.

कडकपणाला चार पायऱ्या लावतात. पहिली म्हणजे मऊ. दुसरी हाताला किंचित घट्ट. तिसरीत आकार बिघडलेला दिसतो आणि चौथीत दुखतंही. ताईंचं वर्णन तिसरी-चौथीच्या उंबऱ्यावरचं वाटतं.

एक महत्त्वाचं. इम्प्लांटचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरखरीत ते शोधा. खरखरीत प्रकाराशी एक दुर्मिळ लिम्फोमा जोडलेला आहे. तो स्तनाचा कॅन्सर नव्हे, रोगप्रतिकारक पेशींचा, आणि आवरणाशी नाहीतर भोवतालच्या पाण्यात सुरू होतो. त्याच कारणाने जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने तिची बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. त्रास नसेल तर ती काढून टाका असं मात्र एफडीएने तेव्हाही सांगितलं नव्हतं. पण बसवून वर्षानुवर्षं झाल्यावर एक बाजू अचानक पाण्याने सुजली, तर ते पाणी सीडी३० या, त्या लिम्फोमाच्या पेशी ओळखणाऱ्या तपासणीला पाठवलंच पाहिजे.

ठोकताळा

माफ करा पण या वयात हौस कशाला? कॅन्सर बरा झाला हे पुष्कळ आहे. काढून टाका आणि मोकळ्या व्हा.

मेहरूण_संध्याकाळ

ठोकताळा, तुमचे पुढचे दोन दात पडले तेव्हा तुम्ही बसवून घेतलेत ना? मागच्या वर्षी त्यावर धागा काढला होतात तुम्ही. वय ५८ होतं.

ठोकताळा

दातांनी खाता येतं.

मेहरूण_संध्याकाळ

समोरच्या दातांनी शेवभाजी खाता का तुम्ही?

बिनभाराची

भांडू नका. मी "काढून टाका" वाली आहे. ठोकताळांच्या कारणासाठी नव्हे.

मला रेडिएशन झालं होतं. रेडिएशन झालेली कातडी इम्प्लांटला नीट साथ देत नाही. दोनदा बदललं, दोन्ही वेळा आवळलं, तिसऱ्यांदा सर्जनने पाठीचा स्नायू फिरवून आणायचा किंवा पोटाची चरबी-कातडी रक्तवाहिनीसकट वर लावायचा पर्याय दिला. सहा-आठ तासांचं ऑपरेशन ऐकलं आणि मी म्हटलं, पुरे. सपाट करून घेतलं. सपाट करायचं असेल तरी सर्जनला "नीट सपाट करा" असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर कातडीची झोळी राहते.

जखम पूर्ण भरल्यावर मी ब्राच्या आत कप्पा शिवून सुती पिशवीत बाजरी भरून घालते. रेडीमेडही मिळतं, सिलिकॉनचं, पण उन्हाळ्यात त्याच्याखाली घाम साचतो. वजन मात्र दुसऱ्या बाजूएवढं हवं, नाहीतर खांदा एकीकडे कलतो. किराणावाल्याच्या काट्यावर पिशवी तोलून घेतली होती मी. त्याने विचारलं, काय आहे हे? म्हटलं, माझा भार.

केळीची_बाग ताई, तुम्हाला रेडिएशन नाही, म्हणजे तुमचं गणित वेगळं. माझं बघून घाबरू नका आणि मोहातही पडू नका.

पांझरा_दादा

थोडं अवांतर विचारतो. आमच्या मिसेसनी नऊ वर्षांपूर्वी कॉस्मेटिक करून घेतलं होतं, मिठाच्या पाण्याचं. परवा रात्री एक बाजू मोठी होती, आज सकाळपर्यंत पार बसली. विष वगैरे भिनत नाही ना? आणि विमा देतो का?

सावल्या_वाचतो

पांझरा_दादा, आतलं पाणी म्हणजे निर्जंतुक सलाइनच, शरीर ते शोषून घेतं. जिवाला धोका नाही. पण फार दिवस काढू नका, रिकामा कप्पा आक्रसत जातो आणि मग नवीन बसवायला जागा करावी लागते. त्यांना म्हणावं, दुसरी बाजूही त्याच वेळी बदलायची का ते सर्जनशी बोला, नाहीतर दोन्हीकडे दोन वयाचा माल राहतो.

अमळनेर_पॉलिसी

विम्याचं मी सांगतो, धंदाच तो आहे. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत ०८ क्रमांकाचं एक वगळलेलं कलम असतं, कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचं. त्यातच अपवाद लिहिलेला आहे: अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना. म्हणजे केळीची_बाग ताईंचं बसतं. दादा, वहिनींचं मुळात हौसेचं असल्याने अवघड आहे. तातडीचा धोका असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं तरच काही आशा, आणि नुसतं पाणी गेलं यात तो दाखवणं कठीण.

ताई, सर्जनच्या पत्रात "इम्प्लांट बदलणे" एवढंच लिहून आलं तर टेबलावरची पोरं ते कॉस्मेटिकच्या ढिगात टाकतात. "२०१२ मधील कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेतील इम्प्लांटची फूट व आवरण आकुंचन" असं सविस्तर लिहून घ्या, आणि १३ वर्षांपूर्वीचा बायोप्सी रिपोर्ट सोबत जोडा. आधी मंजुरी, मग ॲडमिशन.

केळीची_बाग

सगळ्यांचे आभार. दुपारभर माळ्यावर होते. जुनी फाइल कुठे मिळावी? पत्र्याच्या पेटीत, कानबाईच्या लुगड्याखाली. आत एक पुठ्ठ्याचं कार्ड आहे, त्यावर पिवळा पडलेला स्टिकर. लॉट नंबर, सिरियल नंबर, ३२५ सीसी, आणि "टेक्स्चर्ड", म्हणजे खरखरीत. पोटात गोळा आला. मग डॉक्टरदादांनी वर दिलेलं नाव ताडून पाहिलं, कंपनी ती नाही. तरीही सर्जनला फोटो पाठवला. ते म्हणाले, कार्ड जपून ठेवल्याबद्दल पहिल्यांदाच कोणाचे तरी आभार मानतोय. पेटीचे माना म्हटलं.

दुसरं, एमआरआय झाला. फूट आहे, आवरणाच्या आतच आहे.

चाळीसगावकरीण

मग मे नको! आता लिहितेच जे आधी गाळलं होतं. सर्जरीनंतर सहा आठवडे घट्ट सपोर्टची ब्रा, रात्रंदिवस. फक्त अंघोळीला काढायची. आपल्याकडचा मे, ४४-४५ अंश, कूलर बंद पडला की विचारू नका. घामाने टाक्यांजवळ पुरळ उठलं की खाजवताही येत नाही. मी आखाजीच्या तोंडावर केलं होतं, गल्लीतल्या पोरी झोके घेत होत्या आणि मी पंख्याखाली रडत होते. घाई नाही म्हणाले तर दिवाळीच्या सुट्टीत करा.

आणि दुसरं गाळलेलं. मी "सोपी" म्हटलं ते खरं, पण पहिल्या रात्री माझी एक बाजू टम्म फुगली. तासाभरात दुप्पट, ताणून चकाकायला लागली. आत रक्त साचलं होतं. रात्री २ वाजता परत ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, रक्त काढलं, आणि मग सगळं ठीक. घाबरवायचं म्हणून नव्हे. हे होतं ते बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांतच, म्हणून पहिली रात्र दवाखान्यातच काढा. "संध्याकाळी सोडतो, गाडीने जा" म्हणाले तरी रावेरपर्यंत लगेच निघू नका. दोन्ही बाजू थोड्या सुजणं वेगळं. एकच बाजू भराभर फुगली की बेल दाबायची.

सावल्या_वाचतो

बरोबर. आतली फूट असेल तर काही महिने थांबता येतं, सर्जनची संमती असेल तर. मधल्या काळात काखेत गाठ, नवी सूज किंवा लाली आली तर थांबायचं नाही. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. तंबाखू-मिश्री असेल तर किमान महिनाभर आधी बंद, जखम भरायला त्याने मोठा अडथळा येतो. आणि काखेतल्या गाठी काढल्या असतील तर भुलीच्या डॉक्टरांना आठवण द्या की सलाइन आणि बीपीचा पट्टा शक्यतो उजव्या हाताला.

केळीची_बाग

मिश्री लावते, इथे पहिल्यांदाच कबूल करतेय. बंद.

...

केळीची_बाग

धागा वर काढतेय. झालं एकदाचं. दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज करून मुंबईला गेले. आज पाच आठवडे.

ऑपरेशन अडीच तास चाललं. आवरण पूर्ण काढलं. त्यावर चुन्याच्या पापडीसारखे थर जमले होते म्हणे. सर्जनने मोबाइलवर फोटो दाखवला. कवच दुमडून एका कोपऱ्यात गेलेलं आणि जेल पिवळट, तार सुटणारं. केळीचा घड कापल्यावर दांड्यातून जो चीक गळतो ना, तस्साच. आमच्याकडे त्या चिकाचा डाग कपड्यावरून जन्मात जात नाही, तेव्हा हे १३ वर्षं आत बसून होतं या विचाराने जरा मळमळलं. आवरण तपासणीला गेलं होतं, सीडी३० सुद्धा. दहा दिवस झोप नव्हती. रिपोर्ट स्वच्छ आला.

नवीन गुळगुळीत आहे, २७५ सीसी. उजवी बाजू वयाने उतरलीय, तिला जुळेल असं. कार्ड आता दोन ठिकाणी ठेवलंय आणि मुलाच्या मोबाइलमध्येही.

दुखणं: पहिले तीन दिवस छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं. चौथ्या दिवसापासून साध्या गोळीवर भागलं. नळी नऊ दिवस. ती काढताना सर्जन म्हणाले श्वास सोडा, आणि मी श्वास सोडेपर्यंत नळी त्यांच्या हातात. तोवर बहिणीकडे कल्याणला राहिले. परतीला लोअर बर्थ, आणि जळगावपासून गाडीत सीट बेल्ट आणि छातीच्या मध्ये छोटी उशी. रस्त्याबद्दल काही बोलत नाही.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. नवीन पहिल्यांदा वर चढल्यासारखं बसतं आणि हळूहळू खाली उतरतं, तीनेक महिने. तिसऱ्या दिवशी आरशात पाहून मला वाटलं, पैसे देऊन तेच दुखणं परत आणलं. तेव्हा पहिला महिना आरसा कमी बघा.

शाळेत चौथ्या आठवड्यात गेले. फळ्यावर उजव्या हाताने लिहिते म्हणून अडचण नाही. वह्यांचा गठ्ठा पोरं उचलतात. स्कूटी अजून नाही. हेही आवळू शकतं आणि हेही कधीतरी बदलावं लागेल असं सर्जनने स्वच्छ सांगितलंय. पहिली सोनोग्राफी पाच वर्षांनी, वहीत लिहून ठेवलंय. उजव्या बाजूची मॅमोग्राफी दरवर्षीची चालूच.

बिनभाराची

वा! आणि सासूबाई?

केळीची_बाग

त्यांना जाण्याच्या आदल्या रात्री सांगितलं. भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "मग जुनं परत घेऊन ये. पैसे मोजले होते आपण."

तापीकाठची

😂😂 आणलं का मग?

केळीची_बाग

नाही हो, ते तपासणीसाठी ठेवून घेतलं. आल्यावर त्यांनी पहिलं तेच विचारलं. पिशवी उघडून बघितली.

चाळीसगावकरीण

ताई, ब्लाउजचं माप एवढ्यात देऊ नका, तीन महिने थांबा.

केळीची_बाग

फेब्रुवारीत भाचीचं लग्न आहे, शिंपीण थांबायला तयार नाही. काल टेप घेऊन घरी आली. डावीकडे दोनदा मोजलं, मग म्हणाली, "कच्चं टाकते मॅडम. उसवायला सोपं."

पांझरा_दादा

मिसेसचंही झालं, सुखरूप. ते पुढून बटणाचे गाऊन कुठे शिवून मिळतील धुळ्यात? पुढच्या आठवड्यात टाके बघायला जायचंय, ती नायटी डोक्यावरून काढताना हैराण होते.

चाळीसगावकरीण

दादा, माझे दोन पडून आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, एसटीने पाठवते.